घरच्या सुतारकामाच्या खोलीसाठी ह्युमिडिफायर कोणता घ्यावा?

अर्धा_सूत, १० जानेवारी, रात्री ११:४०

मंडळी, नमस्कार. मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो. घराच्या बेसमेंटमध्ये माझी सुतारकामाची खोली आहे, सहा मीटर बाय सात मीटर, उंची जेमतेम २.४ मीटर. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार तिथेच असतो.

ऑगस्टात चेरीचं जेवणाचं टेबल करायला घेतलं. वरचा पाटा ९० सेंटीमीटर रुंद, १८० लांब. मे महिन्यात आई-बाबा येणार आहेत, त्यांची पानं या टेबलावर मांडायची हे ठरवूनच लाकूड आणलं होतं. फळ्या जोडल्या, रंधा मारला, दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या बसवल्या. पॉलिशचा शेवटचा हात तेवढा राहिला होता.

परवा रात्री झोपायला वर जात होतो तर खालून आवाज आला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. जाऊन पाहिलं तर पाट्याच्या एका टोकाकडून चीर आत गेलेली. सकाळी टेपने मोजली, ३८ सेंटीमीटर. टोकाशी एवढी उघडी की पोस्टकार्ड सहज आत जातं. भिंतीवरचा मीटर १९ टक्के आर्द्रता दाखवत होता आणि बाहेर उणे २२ अंश.

आता ह्युमिडिफायर घ्यायचाच आहे. दुकानात चार प्रकार दिसले: धुकं सोडणारा अल्ट्रासॉनिक, ओल्या जाळीतून पंख्याने हवा फेकणारा, पाणी उकळून वाफ देणारा, आणि घराच्या फर्नेसलाच (घर तापवणाऱ्या भट्टीला) जोडायचा. ज्यांनी लाकडाच्या खोलीत वापरलाय त्यांनी कृपया सांगा, कोणता घेऊ? आणि किती टक्क्यांवर ठेवू?

---

पटाशी, ११ जानेवारी

अरेरे, चेरीचा पाटा! वाचूनच पोटात कालवलं. मी पुण्यात, आमचं दुखणं नेमकं उलटं. जुलैत माझी कपाटाची दारं फुगून बसतात आणि मी ओल कमी करणाऱ्या यंत्राचा टॅंक दिवसातून दोनदा ओततो. ते पाणी तुम्हाला पार्सल करता आलं असतं तर दोघांचंही भागलं असतं.

---

उष्मागतिक, ११ जानेवारी

आधी हे होतं का ते बघू, म्हणजे यंत्र निवडणं सोपं जाईल.

२० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ धरते. उणे १५ अंशांची हवा धरते दीड ग्रॅमसुद्धा नाही. ती थंड हवा फटीफटीतून घरात येते, फर्नेस तिला २० अंशांपर्यंत तापवतो, पण वाफ तेवढीच राहते. म्हणजे दीड भागिले सतरा, बाहेर अगदी गच्च दमट हवा असली तरी घरात ८-९ टक्के. तुमच्याकडे १९ दिसतात ते अंघोळ, स्वयंपाक आणि माणसांच्या श्वासामुळे.

लाकूड या हवेशी देवाणघेवाण करत राहतं आणि शेवटी एका ठरावीक ओलीवर स्थिरावतं. साधारण २१ अंशांना हवा २० टक्के असेल तर लाकूड साडेचार टक्क्यांवर थांबतं, ३० ला ६.२, ४० ला ७.७, ५० ला ९.२, ६० ला ११, आणि ८० टक्के हवेत १६. पटाशी यांच्या दारांचं जुलैत काय होतं ते या शेवटच्या आकड्यात आहे.

---

वऱ्हाडी, ११ जानेवारी

नागपूरवाल्याला विचारा ना! तुम्ही ज्याला ओल्या जाळीचा ह्युमिडिफायर म्हणता तो आमच्याकडे दर घराच्या खिडकीत लटकलेला असते. त्याला कूलर म्हणतात. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना ताट्या, खाली पाणी, वर पंप, मधात पंखा. मे महिन्यात ४५ अंशांच्या कोरड्या हवेत हाच डबा घर थंड करते आणि हवेत ओलही घालते. माझे वडील फर्निचरचं काम करायचे. ते वर्कशॉपात सागाच्या तयार फळ्या कधी कूलरच्या तोंडासमोर ठेवू देत नसत. म्हणायचे, एका अंगाने ओली झाली की फळी पन्हाळीसारखी वाकते. तुम्ही कोणताही घ्या, तोंड लाकडाकडे करू नका.

---

अर्धा_सूत, ११ जानेवारी

@वऱ्हाडी, हे लक्षातच आलं नव्हतं. आजोळी अकोल्याला कूलरमध्ये वाळ्याच्या ताट्या असायच्या. संध्याकाळी पाणी मारलं की घरभर तो वास. मग मी त्याच जातीचा घेऊ म्हणता?

@उष्मागतिक, आकडे वहीत उतरवून घेतले. ऑगस्टात खाली ६० टक्के असतात, म्हणजे लाकूड ११ वरून निम्म्यावर आलं!

---

टोरांटोचे_तात्या, ११ जानेवारी

बारा हिवाळे बेसमेंटमध्ये लाकूडकाम केलंय, म्हणून लिहितो. अल्ट्रासॉनिक घेऊ नका. मी पहिल्या वर्षी तोच घेतला होता. स्वस्त, आवाज नाही, धुकं छान दिसतं. पण तो पाण्याची वाफ करत नाही, पाण्याचे बारीक थेंब उडवतो. थेंब हवेत सुकतो आणि पाण्यातला क्षार पिठासारखा खाली बसतो. माझ्या अक्रोडाच्या कपाटावर शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, तीन हात झाले होते. चौथ्या दिवशी बोट फिरवलं तर पांढरी रेघ उमटली. रात्री सुकत असताना प्रत्येक थरावर क्षार बसला होता आणि त्यावर मी पुढचा थर चढवला होता. सगळं घासून परत केलं.

डिस्टिल्ड पाणी घातलं तर हे होत नाही. पण रोज सहा-सात लिटर डिस्टिल्ड पाणी कोण आणणार?

ओल्या जाळीचाच घ्या. क्षार जाळीत अडकतो, हवेत जाते ती फक्त वाफ. शिवाय हवा दमट झाली की जाळीतून पाणी उडायचं आपोआप मंदावतं, त्यामुळे खोली भिजून जाण्याचा धोका कमी.

---

नीलमोहर, ११ जानेवारी

अनुमोदन. आमच्या भागात पाणी इतकं जड आहे की चहाच्या किटलीत पांढरा थर धरतो. लिटरला २०० मिलिग्रॅम क्षार धरला तर सात लिटरमागे रोज जवळपास दीड ग्रॅम भुकटी खोलीत. महिन्याचा हिशेब करा.

---

गुण्या, ११ जानेवारी

मला इथे स्पष्ट लिहावंसं वाटतं, राग मानू नका. हा ह्युमिडिफायरचा प्रश्नच नाही. धागाकर्त्याने लिहिलंय, "दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या बसवल्या". कशा बसवल्या? पूर्ण लांबीभर ग्लू लावला असेल तर चीर पडायचीच होती, फक्त तारीख ठरायची होती.

चेरीची फळी रुंदीत हलते, लांबीत जवळजवळ नाही. उभ्या चिरीची नसलेली, बाजारात मिळते ती साधी फळी, ओलीच्या प्रत्येक टक्क्यामागे रुंदीच्या हजारात अडीच भाग आकसते. ९० सेंटीमीटर रुंदी, ११ वरून ५ टक्के. गुणाकार करा: साधारण १.३ सेंटीमीटर. पाट्याला सव्वा सेंटीमीटर आत यायचं होतं आणि टोकाची पट्टी, जिचे तंतू आडवे आहेत, ती एक केसभरही हलायला तयार नव्हती. तुम्ही दोघांना ग्लूने बांधून ठेवलंत. कमजोर बाजू फाटली.

ब्रेडबोर्डला, म्हणजे टोकाच्या या आडव्या पट्टीला, ग्लू मधल्या १०-१५ सेंटीमीटरलाच लावायचा. बाकी ठिकाणी खुंट्या, आणि खुंटीचं कुसवातलं (पाट्याच्या पट्टीत शिरणाऱ्या जिभेतलं) भोक लांबट. शेकडो वर्षं लोक बिनह्युमिडिफायरचं फर्निचर करत आलेत ते याच जोरावर.

---

अर्धा_सूत, ११ जानेवारी

पूर्ण लांबीभर लावला. व्हिडिओत मजबुतीसाठी तसंच दाखवलं होतं.

---

टोरांटोचे_तात्या, ११ जानेवारी

@गुण्या, जोडाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण ह्युमिडिफायर नकोच हे पटत नाही. हिवाळ्यात खोली २० टक्क्यांवर असेल तर काम चालू असतानाच फळ्या हलतात. शनिवारी रंधून सपाट केलेली फळी पुढच्या शनिवारी पिळलेली. खाच आज कापली, तिच्यात बसणारा तुकडा आठवड्याने कापला तर तो ढिला. जोड कितीही शहाणा असला तरी लाकूड स्थिर नसेल तर माप कशावर घ्यायचं?

---

गुण्या, १२ जानेवारी

@तात्या, मान्य. पण मग मला सांगा, खाली वर्कशॉप ४५ टक्क्यांवर ठेवलं आणि टेबल वर गेलं जिथे हिवाळाभर २५ टक्के असतात, तर काय मिळालं? लाकूड जिथे नांदणार आहे तिथल्या हवेत वाढवायला हवं. वस्तू दारातून बाहेर गेली की तुमचं यंत्र तिच्याबरोबर जात नाही.

---

मिरजकर, १२ जानेवारी

गुण्या यांच्या या वाक्यासाठी लिहितोय. मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत लहानपण गेलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात केवढा आनंद झाला सांगू. तिथे तुणीचं लाकूड आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, दोन्ही पुरेसं सुकवून, मुरवून मगच हाताखाली घेतात. घाई केली तर वाद्य वर्षभरात उत्तर देतं.

पण तेच मुरलेलं वाद्य परदेशी गेलं की त्याची परीक्षा नव्याने. माझ्या मावशीने शिकागोला तंबोरा नेला. पहिल्याच जानेवारीत भोपळा आणि लाकूड जिथे जुळतात तिथे जोड उघडला. तिकडच्या गिटारवाल्याने दुरुस्त केला आणि एक साधी युक्ती सांगितली: साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत ओला, पिळून घेतलेला स्पंज, आणि ती डबी वाद्याच्या पेटीत. मावशी दर तीन दिवसांनी स्पंज ओला करते. तंबोरा आजही सुरात आहे. लहान, मोलाची वस्तू असेल तर अख्खी खोली ओली करत बसू नका, पेटी ओली ठेवा.

---

सरस, १२ जानेवारी

तो १९ चा आकडा खरा आहे का? मीटर तपासलाय?

झाकणात चमचाभर मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. पातळ नको. मीटर आणि ते झाकण एका झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के व्हायलाच पाहिजेत. तुमचा मीटर काय म्हणतो ते बघा.

---

अर्धा_सूत, १३ जानेवारी

रात्रभर ठेवला. ६८ दाखवतोय! म्हणजे सात कमी?

---

सरस, १३ जानेवारी

७५ ला सात कमी. खाली २० च्या आसपास नेमका तेवढाच फरक असेल असं नाही. मॅग्नेशियम क्लोराइडच्या लगद्यावर ३३ टक्के होतात, तेही करून पाहा. पण १९ म्हणजे प्रत्यक्षात २५-२६ असावेत. आणि ४५ ला नेऊन ठेवलं असतं तर तुम्ही नकळत ५२ वर चालवलं असतं.

---

एडमंटनची_ताई, १३ जानेवारी

सरस यांनी फार मोलाचं सांगितलं. ५२ वर चालवलं की काय होतं ते मी भोगलंय.

आमच्याकडे उणे ३० नवल नाही. तीन वर्षांपूर्वी मीही लाकडासाठी म्हणून बेसमेंट ५० वर ठेवलं. खिडक्यांना आतून पाणी सुटायचं, रोज सकाळी पुसायचे. वाटलं, एवढंच ना. मार्चमध्ये भिंतीलगतची लाकडाची मांडणी हलवली तर मागे काळपट हिरवी बुरशी, छातीएवढ्या उंचीपर्यंत. मॅपलच्या चार फळ्यांच्या पाठीलाही लागलेली. वास कित्येक दिवस येत नव्हता कारण भिंत थंड होती.

२० अंशांच्या हवेत ५० टक्के असतील तर नऊ-साडेनऊ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. ४० टक्क्यांना सहा अंशांवर, ३० ला दोनच्या आसपास. बेसमेंटची बाहेरची भिंत, छताजवळ जिथे घराची तुळई भिंतीवर टेकते तो कोपरा, खिडकीची चौकट, या जागा कडाक्यात सहज तेवढ्या गार होतात. तेव्हा माझा नियम असा: बाहेर उणे २० च्या खाली गेलं की ३० ते ३५, त्याच्या वर नाही. लाकडाची मांडणी भिंतीपासून हातभर दूर.

---

पटाशी, १३ जानेवारी

ताई, हे आमच्या पुण्यातल्या उत्तरेकडच्या भिंतीलाही लागू पडतं. पावसाळ्यात कपाट भिंतीला टेकवलं की मागे हीच कथा.

---

देवगडचा_सुतार, १३ जानेवारी

अवांतर, पण राहवत नाही. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात हवा ९० ला टेकते. आमचे तात्या, म्हणजे वडील, दार बसवताना विचारायचे, महिना कुठला? मे महिन्यात बसवलं तर चौकटीत पुरतं एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट ठेवायचे. गिऱ्हाईक कुरकुरायचं, की फट दिसते. तात्या म्हणायचे, श्रावणात या, मग दाखवा फट. अर्धा_सूत या नावाच्या माणसाने निदान अर्धं सूत तरी सोडायचं होतं हो!

आणि पाट. घरचे जुने फणसाचे पाट उलटे करून बघा. खालच्या दोन आडव्या पट्ट्या आमच्याकडे खोबणीत सरकवलेल्या आहेत, खिळा नाही, सरस नाही. पाटाची फळी हिवाळ्यात आकसते, पावसात फुगते, पट्टीवर आपली सरकत राहते. पणजोबांच्या वेळचा पाट, चीर नाही. नंतर बाजारातून खिळे मारलेले पाट आले, ते दुसऱ्या उन्हाळ्याला फाटले.

---

गुण्या, १३ जानेवारी

@देवगडचा_सुतार, दंडवत. मी जे दोन परिच्छेदांत लिहिलं ते तुमच्या पाटाने एका वाक्यात सांगितलं. खोबणीचा फोटो टाका ना, कृपया.

---

नीलमोहर, १३ जानेवारी

आमच्या घरी फणसाचाच पोळपाट आहे, आजीचा. अमेरिकेत आणल्यावर पहिल्या हिवाळ्यात मधोमध तडा. आता तो डिशवॉशरजवळच्या कपाटात ठेवते, तिथे जरा ओल असते. तडा वाढलेला नाही.

---

उष्मागतिक, १४ जानेवारी

परत यंत्राकडे येतो. अर्धा_सूत, एक विचारायचं राहिलं. भुसा ओढणारं मशीन आहे ना? त्याची हवा कुठे जाते?

---

अर्धा_सूत, १४ जानेवारी

भिंतीला भोक पाडून बाहेर सोडली आहे. बारीक धूळ घरात नको म्हणून.

---

उष्मागतिक, १४ जानेवारी

मग तुमचा चोर सापडला.

तुमची खोली १०० घनमीटर, म्हणजे साडेतीन हजार घनफूट. भुशाचं साधं मशीन मिनिटाला हजार घनफूट ओढतं असं पेटीवर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात निम्मं ओढत असलं तरी सात-आठ मिनिटांत अख्खी खोली बाहेर जाते, आणि तिच्या जागी फटींतून उणे २० ची हवा आत येते. तुम्ही आठवडाभर घातलेली ओल शनिवारी चहा गार व्हायच्या आत बाहेर गेलेली असते.

मशीन बंद असताना हिशेब वेगळा. खोली २० टक्क्यांवरून ४० वर न्यायला हवेपुरतं पाणी लागतं फक्त ३५० मिलिलिटर. पण तासाला निम्मी हवा बदलते असं धरलं तर दर तासाला पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम, दिवसाला सात लिटर घालत राहावं लागतं. टेबलावर ठेवायचा दोन लिटरचा खेळण्यासारखा डबा इथे पुरणार नाही. दिवसाला १०-१२ लिटर देऊ शकणारा जमिनीवरचा, ओल्या जाळीचा घ्या.

वाफेच्या यंत्राबद्दल: एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिट वीज. सात लिटरना रोज पाच युनिट. जाळीचा ती उष्णता खोलीच्या हवेतून घेतो, त्यामुळे बिल फर्नेसच्या गॅसमध्ये येतं. फुकट कुठलाच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे ओलीबद्दल नाही: मशीन हवा बाहेर ओढतं तेव्हा बेसमेंटमध्ये दाब कमी होतो. गॅसचा गीझर किंवा फर्नेस तिथेच असेल आणि त्याचं धुराडं साधं असेल तर त्यातला धूर उलटा खोलीत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास येत नाही. अलार्म आहे का? आजच बघा.

---

अर्धा_सूत, १४ जानेवारी

गीझर शेजारच्याच खोलीत आहे, साध्या धुराड्याचा. अलार्म वरच्या मजल्यावर आहे, खाली नव्हता. आत्ता जाऊन आणला आणि लावला. मनापासून आभार. हे लिहिताना हात जरा थरथरतोय.

---

टोरांटोचे_तात्या, १४ जानेवारी

चांगलं केलंत. आता ते भोक बुजवा. मशीनला बारीक विणीचा फिल्टर लावा आणि हवा आतच फिरू द्या. मी तसंच करतो.

---

धन्वंतरी, १४ जानेवारी

मी डॉक्टर आहे, फावल्या वेळात खेळणी करतो. ओल्या जाळीच्या टाकीत साचलेलं पाणी आणि त्यात पडणारा भुसा हे जंतूंचं आणि बुरशीचं खाद्य आहे. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, सुकवायची. बुळबुळीत थर हाताला लागला तर उशीर झालाय असं समजा. जाळी कडक किंवा काळी झाली की बदला. घासकाम चालू असताना यंत्र बंद ठेवा, नाहीतर जाळी सॅंडपेपरची धूळ खात राहते. घरात दमा असलेलं कोणी असेल तर यात अजिबात हयगय नको.

---

शिशिर, १५ जानेवारी

फर्नेसला जोडायचा प्रकार कोणी वापरत नाही का? मी वापरतो. नळाला जोडलेला, भरायची कटकट नाही, पूर्ण घर ३५ वर. गुण्या म्हणतात तसं, वर आणि खाली हवा एकच. पण वर्कशॉपातून फर्नेसकडे परत जाणाऱ्या हवेची जाळी मी बंद करून टाकली आहे, नाहीतर भुसा थेट फर्नेसच्या फिल्टरमध्ये आणि तिथून सगळ्या घरात.

---

गुण्या, १५ जानेवारी

@शिशिर, टेबल ज्या घरात राहणार ते घरच ३५ वर. मला हे सगळ्यात पटलं.

---

वऱ्हाडी, १५ जानेवारी

मी म्हणतो अर्धा_सूत यांनी कूलरच न्यावा. वाळ्याची ताटी लावा, मिनियापोलिसला अकोल्याचा वास. आई-बाबा खूश.

---

अर्धा_सूत, ४ फेब्रुवारी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पहिल्यांदा भोक बुजवलं आणि फिल्टर लावला. मशीनचा आवाज तोच, पण पाय गार पडायचे बंद झाले. निव्वळ तेवढ्यानं मीटर (आता दुरुस्ती धरून वाचतो) २६ वरून ३० वर आला. अजून काहीही विकत घेतलं नव्हतं.

मग जाळीचा घेतला, जमिनीवरचा. लाकडाच्या मांडणीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, तोंड खोलीच्या मध्याकडे. जाळीच्या मागे आईची एक जुनी सुती साडी फाडून घडी लावली आहे, भुसा तिच्यातच अडकतो आणि ती दर रविवारी धुतो. पहिले चार दिवस रोज नऊ लिटर प्यायला. लाकूड, भिंती, पुठ्ठे, सगळेच तहानलेले होते. आता सहा-साडेसहावर आलाय. खोली ३६ ते ३८. कडाक्याच्या रात्री ३२ वर उतरवतो, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. मांडणी भिंतीपासून हातभर पुढे ओढली. मागची भिंत कोरडी होती, नशीब.

फर्नेसचा प्रकार पुढच्या हिवाळ्याआधी, पूर्ण घरासाठी. गुण्या, तुमचा मुद्दा डोक्यातून जात नाही.

आता शेवटचा प्रश्न. चीर जवळजवळ अर्धी मिटली आहे. लाकडाच्या पुटीने भरून टाकू का?

---

गुण्या, ४ फेब्रुवारी

नका! पुटी भरलीत की जूनमध्ये पाटा फुगेल, मधली पुटी पाचरीसारखी काम करेल आणि चीर पुढे सरकेल.

टोकाच्या दोन्ही पट्ट्या करवतीने कापून काढा. पाटा एप्रिलपर्यंत तसाच, दोन्ही अंगांनी हवा लागेल असा खाली लाकडी पट्ट्या घालून आडवा ठेवा. मग चिरेच्या रेषेत पाटा लांबीभर उभा चिरा, कडा रंधून परत जोडा. करवतीत तीन-चार मिलिमीटर जातील, कोणाला कळणार नाही. नवीन ब्रेडबोर्डला ग्लू फक्त मधोमध, बाजूच्या खुंट्यांची भोकं लांबट. आणि पॉलिश वर जेवढे हात, खालूनही तेवढेच. पॉलिशने ओल थांबत नाही, फक्त सावकाश जाते. दोन्ही अंगांनी सारखी सावकाश गेली पाहिजे.

---

देवगडचा_सुतार, ५ फेब्रुवारी

खोबणीचा फोटो टाकलाय, गुण्यांनी मागितला होता. पट्टीची कड बघा, एका टोकाला किंचित रुंद आहे. तिकडूनच आत ठोकायची.

---

अर्धा_सूत, ५ फेब्रुवारी

फोटो छापून बाकाच्या वर चिकटवला. पट्ट्या शनिवारी कापतो. गुण्या, लांबट भोक किती लांब ठेवू?

---

गुण्या, ५ फेब्रुवारी

पाटा आत्ता कोरडा आहे, म्हणजे उन्हाळ्यात बाहेरच्या बाजूला सरकेल. एप्रिलमध्ये जोडाल तेव्हा लाकडाची ओल मोजा आणि इथे लिहा, मग मधल्या ग्लूपासून शेवटच्या खुंटीपर्यंतचं अंतर धरून काढू. तोवर भोक पाडू नका.